मांडवीकाठचे खारफुटीचे रान : बांधाबाहेरचे आणि बांधाआतले

प्रश्न थोडक्यात असा आहे. पर्वरीकडून मांडवीवरच्या अटल सेतूवरून पणजीत उतरताना डाव्या हाताला, पार चोडण बेटापर्यंत, सपाट हिरवे रान पसरलेले दिसते. ते मूळचे की अलीकडे वाढलेले? त्याची हद्द कुठून कुठवर? सरकारी अहवाल गोव्यात खारफुटी वाढल्याचे सांगतात आणि शहराच्या कडेला तर भराव पडताना दिसतो, मग खरे काय मानायचे? आणि शेवटी घरचा प्रश्न : वडिलोपार्जित खाजनात, म्हणजे नदीकाठी बांध घालून केलेल्या शेतजमिनीत, गेल्या काही वर्षांत खारफुटी माजली आहे, ती ठेवावी की काढावी?

खाजनांचे बांध, त्यांतल्या मानशी म्हणजे पाण्याची दारे, आणि बांधांना लागून असलेली खारफुटी यांची मोजणी करणे, नकाशे काढणे हेच माझे आयुष्यभराचे काम. म्हणून शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या तीन प्रश्नांत कसे दडले आहे ते आधी सांगतो. उपग्रहाच्या चित्रात जे एक रान दिसते ती जमिनीवर दोन रानं आहेत आणि त्यांच्यामध्ये मातीचा एक बांध आहे. बांधाच्या बाहेर, नदीच्या अंगाला आहे ते भरती-सुकतीवर वाढलेले जुने रान. बांधाच्या आत आहे ते बहुतेक ठिकाणी बुडालेल्या शेताचे रान. दोन्हीकडे झाडे तीच, हिरवा रंग तोच, पण जन्मकथा वेगळी आणि दोघांना द्यायची वागणूकही वेगळी. गोव्यात खारफुटीवरून जेवढी भांडणे होतात त्यांतली निम्मी तरी हा बांध न पाहता बोलल्यामुळे होतात, असे माझे ठाम मत आहे.

आता भूगोल. मांडवी सत्तरीत शिरते ती म्हादई म्हणून. खानापूर तालुक्यातल्या देगावजवळ उगम, तिथून सह्याद्रीची उतरण, आणि मग गांजे-उसगावच्या खाली तिचा उतार जवळजवळ संपतो. समुद्रापासून गांजेपर्यंत सुमारे ५० किलोमीटर, आणि भरती एवढ्या आतपर्यंत चढते. इतक्या छोट्या राज्यात समुद्र पार डोंगराच्या पायथ्याशी जाऊन टेकतो, ही गोष्ट आपण गोंयकारही विसरतो. उतार नसलेल्या नदीला गाळ पुढे रेटता येत नाही. दिवसातून दोनदा खालून समुद्र तिला अडवतो, ती थबकते, आणि त्या थबकण्यात गाळ खाली बसतो. खारफुटीचे रान उभे आहे ते या बसलेल्या गाळावर.

तिसवाडीच्या उत्तरेला हा गाळ सगळ्यांत जास्त साचला, कारण तिथे नदीला फाटे फुटतात. चोडण आणि दिवाडी ही बेटे मधोमध जांभ्या दगडाची, उंच. घरे, देवळे, चर्च सगळे त्या उंचवट्यावर. उंचवट्याभोवती मात्र सखल चिखलाची रुंद कड आहे. चोडणच्या पश्चिमेला म्हापसा नदी येऊन मिळते, ब्रिटोना-पेन्य द फ्रान्सच्या समोर. मयडे, हळदोणे, पोंबुर्फा या गावांच्या कडेने ती आपला गाळ घेऊन येते. दोन नद्यांचे पाणी एकमेकांवर आदळून मंदावते तिथे चोडणचे पश्चिम टोक आहे, आणि नेमके तिथेच रान सगळ्यांत दाट आहे. त्या टोकावर डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. १९८८ साली जाहीर झालेले, क्षेत्रफळ १७८ हेक्टर. रायबंदरच्या फेरीधक्क्यावरून समोर दिसते ते हेच.

बरेच लोक अभयारण्यालाच सगळे रान समजतात. तो एक तुकडा आहे. रान तिथून मांडवीच्या दोन्ही काठांनी वर जाते, दिवाडी आणि सांत इस्तेव्हच्या कडा धरते, आणि कुंभारजुव्याच्या कालव्यातून दक्षिणेला उतरून झुआरीच्या खारफुटीला जाऊन मिळते. हा कालवा पंधरा किलोमीटरांहून लांब आहे आणि दोन नद्यांना आतल्या आत जोडतो. त्याच्या खाऱ्या-मचूळ पाण्यात आपली नेहमीची, एरवी गोड्या पाण्यात राहणारी मगर राहते. कालव्याकाठच्या काही गावांत पौष अमावास्येला चिखलाची मगर थापून पुजतात. बांध आणि मगर यांच्याशी रोजचा संबंध असलेल्या लोकांची ही पूजा आहे आणि मला ती फार मोलाची वाटते. तेव्हा हद्द विचारलीत तर ती अशी : खाली बेती-पणजीपासून वर भरतीचे खारेपण जिथे फिके पडते तिथपर्यंत, आणि आडवी, कालव्यातून झुआरीपर्यंत. मधे पूल, रस्ते, गावे आली तरी पाणी अखंड आहे, म्हणून मी हे रान एकच धरतो.

रानाची आतली मांडणी बघायची तर सुकतीला होडीने काठाकाठाने जा. अगदी पाण्याच्या तोंडाशी कांदळ. त्याची मुळे खोडातून कमानीसारखी बाहेर निघून चिखलात रोवलेली असतात, त्यांच्यात कालवे, म्हणजे शिंपले, आणि लहान कुर्ल्या, म्हणजे खेकडे. कांदळाचे बी झाडावरच रुजते. हातभर लांब हिरव्या शेंगेसारखे कोंब पावसाळ्यात खाली सुटतात, काही थेट चिखलात रुततात, बाकीचे वाहत जाऊन दुसरीकडे उभे राहतात. कांदळाच्या मागे तिवर. तिवराभोवतीच्या चिखलातून बोटाएवढे खुंट वर आलेले असतात, शेकड्यांनी. ती श्वसनमुळे. या चिखलात कोपरापर्यंत हात घाला : वरचा पातळ थर तपकिरी, खाली काळाभोर, आणि बाहेर काढलेल्या हाताला सडक्या अंड्याचा वास. त्या काळ्या थरात प्राणवायू नाही. म्हणून मुळांना वर येऊन श्वास घ्यावा लागतो, आणि म्हणूनच या खुंटांवर चार बोटे मातीचा भराव पडला तरी झाड मरते. बुंध्याला कुणी हात लावलेला नसतो, कुऱ्हाड चाललेली नसते, आणि वर्षा-दोन वर्षांत शेंडे वाळलेले दिसतात.

तिवराचे पान उलटसुलट करून जिभेला लावा, खारट लागेल. झाड शोषलेले मीठ पानावाटे बाहेर टाकते आणि उन्हाळ्यात दुपारी पानावर त्याचे बारीक कण चमकतात. कांदळाची रीत उलटी, तो मीठ मुळांशीच बहुतांशी अडवतो. मीठ हाताळायच्या या दोन तऱ्हांमुळे कोण किती खारेपण सोसतो ते ठरते आणि त्यावरून काठाचे पट्टे पडतात. आणखी मागे, जमिनीकडे, जिथे फक्त मोठ्या उधाणाचे पाणी पोचते, तिथे गेवा. त्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जायची भीती, म्हणून माहीतगार मजूर त्याच्यावर कोयता चालवत नाहीत. आणि जिथे जमीन अलीकडेच बिघडली आहे, शेत पडीक पडून खारे पाणी शिरले आहे, तिथे काटेरी पानांची, निळ्या-जांभळ्या फुलांची मारांडी आणि खाऱ्या चिखलातला तो उंच नेचा. मारांडीचे ताटवे दिसले की मी पहिल्यांदा फुटलेला बांध शोधतो. पुढे तुमच्या शेताविषयी बोलताना हे लक्षात ठेवा.

नदीने वर गेलात तर झाडे बदलतात. समुद्राच्या तोंडाशी पांढऱ्या फुलांची चिपी, आणि वर मचूळ पाण्यात तिचीच लाल फुलांची बहीण. कारण खारेपणाचा वार्षिक फेरा. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, घाटात त्याहून बराच जास्त, आणि त्यातला ९० टक्क्यांच्या आसपास जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या चार महिन्यांत पणजीसमोरचे वरचे पाणीसुद्धा जवळजवळ गोडे होते. मे महिन्यात त्याच जागी ते समुद्राएवढे खारे असते आणि खारेपण कितीतरी किलोमीटर आत सरकलेले असते. एकाच झाडाला एकाच वर्षात ही दोन्ही टोके सोसावी लागतात. उधाणाला पाणी दोन मीटरांहून अधिक चढते-उतरते, भांगाच्या, म्हणजे मंद भरतीच्या, दिवसांत त्याहून बरेच कमी. रानाची रुंदी या चढ-उतारातच मोजायची असते : सगळ्यांत उंच भरतीची रेषा आणि मधल्या पातळीची रेषा, या दोहोंमधल्या पट्ट्यात खारफुटी. त्याच्या वर गेलात की नारळ आणि शेत, खाली गेलात की उघडा चिखल आणि त्यावर टुणटुणणारे निवटे.

यावरून म्हादईचे पाणी वळवण्याचा वाद या रानाशी कुठे जोडलेला आहे ते कळेल. म्हादई जलतंटा लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये पाण्याची वाटणी केली : कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. हे आकडे चर्चेत येतात ते पिण्याच्या पाण्याच्या आणि म्हादई अभयारण्यातल्या झऱ्यांच्या संदर्भात, आणि ते रास्तच. पण सत्तरीतून ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतर जे गोडे पाणी हळूहळू झिरपत खाली येते तेच खारेपणाला मागे रेटून धरते. ते घटले की मे महिन्यातली स्थिती मार्चमध्येच येते. लाल चिपीचे पट्टे आणखी वर सरकतील, आणि त्याआधी खाजनातल्या विहिरी खाऱ्या होतील. म्हादई अभयारण्यातला घाटमाथा आणि पणजीच्या पुलाखालची खारफुटी एकाच पाण्यावर जगतात.

आता शहराकडे. पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा जुना पूल, पोंत द लिन्यारिस, १६३३-३४ मध्ये बांधला गेला. लांबी सुमारे तीन किलोमीटर, आणि जवळजवळ सगळा दलदलीवर. आज त्यावरून गाडी हाकताना तो साधा रस्ता वाटतो. भूगोलाच्या नजरेने पाहिले तर मांडवीच्या दक्षिण काठावरच्या खारफुटीची आणि मिठागरांची नदीपासून झालेली ही पहिली मोठी फारकत आहे. मात्र बांधणाऱ्यांनी कमानी ठेवल्या, भरतीला आत-बाहेर जायला वाट ठेवली, म्हणून मागची दलदल शतकानुशतके जिवंत राहिली. पणजी १८४३ साली राजधानी झाली आणि खाड्या-दलदली बुजवत वाढली. पाटोच्या कडेने, मळ्याच्या बाजूला, सांताइनेजच्या ओहोळात आज जी थोडी खारफुटी दिसते ती त्या जुन्या पसाऱ्याचे उरलेले तुकडे.

शहर रानाला खाते ते दोन तऱ्हांनी. एक उघड : ट्रक येतो, माती ओततो. ते दिसते, लोक फोटो काढतात, तक्रार होते. दुसरी तऱ्हा जास्त घातक आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही. रस्ता रुंद होतो, खालची मोरी अरुंद राहते किंवा तिच्यात प्लास्टिक आणि राडारोडा अडकतो. भरती येते, पण पूर्ण आत शिरत नाही. सुकती लागते, पण पाणी पूर्ण बाहेर पडत नाही. साचलेल्या पाण्यात श्वसनमुळे दिवसचे दिवस बुडून राहतात आणि शेंड्याकडून झाड वाळायला लागते. चार-पाच वर्षांनी तिथे उघडा चिखल, मग गवत, मग "ही तर पडीक जमीन आहे" असे म्हणणारा कोणीतरी. शहराच्या कडेचे रान वाचवू पाहणाऱ्या तरुणांना माझे सांगणे असते की झाडे मोजण्याआधी मोऱ्या मोजा. भर भरतीच्या वेळी रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या पाण्याची पातळी सारखी आहे का ते बघा. वीतभर जरी फरक असला तरी पलीकडचे रान आजारी आहे.

आणि आता खाजन, ज्याच्याशिवाय गोव्याच्या खारफुटीचा भूगोल समजतच नाही. राज्यात सुमारे १८,००० हेक्टर खाजन जमीन आहे. ही सगळी एके काळी खारफुटीचीच जागा. गावकऱ्यांनी शतकांमागे नदीच्या कडेने मातीचे बांध घातले, भरती बाहेर ठेवली आणि आत भात घेतले. कोरगुटसारखे खारेपण सोसणारे वाण पावसाळ्यात, आणि पीक निघाल्यावर त्याच पाण्यात सुंगटां म्हणजे कोळंबी, आणि शेवटे, काळुंदर हे मासे. या व्यवस्थेचा जीव मानशीत आहे. बांधात दगडी चौकट, तिला लाकडी दारे, वर बिजागरीने टांगलेली, आतल्या अंगाला किंचित कललेली. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याचा दाब दारे मिटवतो. सुकती लागली की आतल्या पाण्याचा दाब ती उघडतो. माणसाने हात लावायची गरज नाही, रात्री-अपरात्री कोणी जागायचे नाही. मासे धरायचे असतील तेव्हा थोडे पाणी आत घ्यायचे आणि सुकतीला जाळे लावायचे. मानशीच्या आतल्या बाजूला खोलगट पाणसाठा, पोंय, जादा पाणी पोटात घेते. बांधाच्या बाहेर मात्र खारफुटीचा पट्टा मुद्दाम राखलेला असे, लाटांचा मार बांधावर थेट बसू नये म्हणून. ज्यांनी शेतासाठी खारफुटी हटवली त्यांनीच बाहेरची खारफुटी सांभाळली, यात विसंगती नाही. त्यांना दोन्ही जागा हव्या होत्या आणि दोहोंमधली रेषा कुठे असावी हे त्यांना ठाऊक होते.

बांधाची देखभाल कोमुनिदादकडे, म्हणजे गावकीकडे, होती. मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला, १९७६ च्या दुरुस्तीने कुळांना मालकीचा हक्क मिळाला. कसणाऱ्याला जमीन मिळाली हे न्यायाचेच झाले. पण बांध कुणा एकाच्या शेताचा नसतो, तो सगळ्यांचा असतो, आणि त्याची जबाबदारी गावकीकडून कूळ संघांकडे जाताना बऱ्याच ठिकाणी मधेच गळून पडली. काही संघांनी आपले बांध जिवापाड सांभाळले, आजही सांभाळतात. काही ठिकाणी मानशीचा लिलाव हेच एकमेव काम उरले. ठेकेदाराला मासा हवा असतो. दारे उघडी राहिली तर मासा जास्त, आणि भात गेले तर त्याचे काही जात नाही. त्यात खनिजवाहू बार्जेसच्या लाटांनी मांडवी आणि कुंभारजुव्याच्या काठाचे बांध वर्षानुवर्षे धुऊन काढले. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा लाटांचा मार कमी झाला, पण तोवर बराच बांध खचलेला होता.

शेताचे रान कसे होते हे मी अनेक ठिकाणी सुरुवातीपासून पाहिले आहे. आरंभ होतो कुर्लीच्या बिळाने. बांधात आरपार बीळ जाते, त्यातून भरतीला बोटभर धार आत येते. पूर्वी बांधावर रोज फिरणारा माणूस असायचा, तो पायाने चिखल दाबून ती धार तिथल्या तिथे बंद करायचा. आता कोणी फिरत नाही. धार आतली माती नेते, पोकळी होते, आणि एखाद्या अमावास्येच्या उधाणाला रात्री बांध बसतो. पहिल्या वर्षी भात जळते. दुसऱ्या वर्षी कोणी पेरत नाही, कडेला मारांडी दिसते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी तिवराची रोपे, आधी पाटाच्या कडेने, मग जुन्या वाफ्यांत. दहा-बारा वर्षांनी पुलावरून जाणाऱ्याला तिथे घनदाट जंगल दिसते. आत चालून गेलात तर मात्र खुणा सापडतात. झाडे एकाच वयाची, एकाच उंचीची. पाट सरळ रेषेत, नैसर्गिक ओहोळासारखे वळणावळणाचे नाहीत. कुठेतरी मानशीचा दगड चिखलातून डोकावतो.

म्हणून "खारफुटी वाढली" हा आकडा मी सावधपणे वाचतो. १९८० च्या दशकातल्या अभ्यासांत गोव्यातली खारफुटी साधारण २,००० हेक्टर धरली जात होती. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात ती २७ चौरस किलोमीटर, म्हणजे २,७०० हेक्टर आहे. मोजणीची पद्धत बदलली आहे हे धरूनही वाढ खरी आहे. वनखात्याने मांडवी-झुआरीच्या काठांवर केलेली लागवड त्यात आहे, आणि ती चांगली झाली आहे. पण वाढीचा मोठा वाटा बुडालेल्या खाजनांचा आहे असे प्रत्यक्ष काठ पायाखाली घालून मला दिसले आहे. जमिनीवर पाहाल तर शहराच्या कडेचे, बांधाबाहेरचे, जुने मिश्र रान घटते आहे, आणि गावाकडचे, बांधाआतले, एका जातीचे कोवळे रान वाढते आहे. बेरीज केली की वाढ दिसते. तुम्हाला भराव दिसतो तोही खरा आणि अहवालही खरा.

बांधाआतल्या रानाची किंमत शून्य आहे असे कृपया समजू नका. मासा तिथेही अंडी घालतो, बगळे-करकोचे तिथेही उतरतात, पाणमांजरे तिथेही येतात. काही ठिकाणी ते इतके जुने झाले आहे की त्याला हात लावणे चूकच ठरेल. पण त्या रानामागे एक हरवलेले शेत आहे, आणि त्या शेतामागे गावाची पूर अडवण्याची व्यवस्था होती. बांध गेला की पहिले शेत जाते, मग विहिरी, मग पावसाळ्यात उधाणाचे पाणी थेट घरांच्या जोत्याला लागते.

आता तुमचे खाजन. आधी उधाणाच्या दिवशी, पूर्ण सुकतीला, सगळा बांध पायी चाला. बरोबर सर्वे प्लॅन आणि एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा असू द्या. पाणी कुठून आत येते ते शोधा : खिंडारातून, बिळातून, की मानशीच्या मोडक्या दारातून. भरती लागेपर्यंत थांबा आणि तीच जागा पुन्हा बघा, कारण सुकतीला न दिसणारी धार भरतीला दिसते. मग झाडे बघा. गुडघाभर रोपे आणि मारांडी एवढेच असेल, आणि बांध सलग उभा करता येण्याजोगा असेल, तर शेत परत मिळण्याची आशा धरायला हरकत नाही. डोक्याच्या वर गेलेली, फुलावर आलेली झाडे शेतभर उभी असतील आणि बांध शंभर-दोनशे मीटर वाहून गेला असेल तर तिथे मी राहू द्या असेच म्हणेन. अशा वेळी मागे, घरांच्या बाजूला, दुसरा आतला बांध मजबूत करायला पैसे आणि बळ लावा.

कोयता मात्र कोणत्याही परिस्थितीत उचलू नका. खारफुटी तोडायला परवानगी लागते. एक हजार चौरस मीटरहून मोठ्या खारफुटीला सीआरझेडच्या, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या, नियमांत भोवतीच्या पन्नास मीटर पट्ट्याचेही संरक्षण आहे. खाजनांसाठी २०११ च्या अधिसूचनेत गोव्याची वेगळी तरतूद आहे, ती खाजनही राखा आणि त्याच्या कडेची खारफुटीही राखा असे सांगते, आणि ती मला शहाणपणाची वाटते. शिवाय तोडून उपयोगही नसतो. खारे पाणी येत राहिले तर तोडलेल्या जागी पुढच्या पावसात दुप्पट रोपे येतात. काम पाण्याचे आहे. खिंडार भरले, मानशीची दारे नीट मिटू लागली, की पावसाचे गोडे पाणी आत राहते आणि एक-दोन पावसाळ्यांत जमिनीतले मीठ उतरते. पहिल्या वर्षी कोरगुटसारखे खारेपण सोसणारे वाण सोडून दुसरे काही पेरू नका, ते टिकणार नाही. बांधाच्या बाहेरच्या अंगाची खारफुटी जशी आहे तशी राहू द्या. खुद्द बांधाच्या माथ्यावर रुजलेली झाडे ही वेगळी बाब आहे, त्यांच्या मुळांनी बांध फुटतो ही शेतकऱ्यांची तक्रार खरी आहे. त्यासाठी वनखात्याकडे स्वतंत्र अर्ज करा आणि प्रत्येक झाडाची जागा नकाशावर दाखवा.

दुरुस्तीचा अर्ज एकट्याच्या नावाने करू नका. एकट्याच्या शेतापुरता बांध बांधता येत नाही आणि खातेही तो विचारात घेत नाही. कूळ संघाची बैठक बोलवा, ठराव घ्या, तो मामलेदाराकडे नोंदवा आणि मग कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागाकडे जा. संघ निजला असेल तर आधी तो जागा करावा लागेल, आणि माझ्या अनुभवात सगळ्यांत जास्त वेळ याच पायरीला लागतो. मानशीच्या लिलावाच्या अटींत दारे कधी मिटलेली असावीत हे महिन्यांसकट लिहून घ्या. आणि जागा पाहायला अधिकाऱ्यांना बोलवाल तेव्हा पंचांगात उधाण बघूनच दिवस ठरवा, भांगाच्या दिवशी आलेल्या माणसाला खिंडारातून येणारे पाणी दिसत नाही. चिखल काढून बांध भरायला एप्रिल-मे एवढाच काळ मिळतो. मृगाचा पाऊस लागला की ओला चिखल बसत नाही, म्हणून कागदपत्रे दिवाळीनंतर लगेच हातात घ्या.